आधी ‘टक्’ की आधी ज्योत? सारख्या विझणाऱ्या पायलटचं निदान

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीत कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गॅसवर चालणारा ३०० लिटरचा जुना बॉयलर आहे, वापरणाऱ्या मुली चाळीसेक. जूनपासून त्याची पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी सतत तेवत असलेली छोटी ज्योत, सारखी विझते, बहुतेक वेळा सकाळी सात-सव्वासातला, ऐन आंघोळीच्या गर्दीत. पंधरा-वीस मिनिटं थांबून पेटवली की लागते. थर्मोकपल दोनदा बदललं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरे गेले, मग परत तेच. आता मिस्त्री म्हणतो, “वरच्या बाजूचा तो सेन्सर खराब झालाय, त्याच्या दोन वायरी एकत्र जोडून टाकू, मग बघा विझते का ती.” जोडू द्यायचं का?

ताई, जोडू देऊ नका. मुलींच्या खोल्या त्याच गच्चीच्या खाली आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत धुराड्याच्या बुडाशी जी रुपयाएवढी चकती आणि दोन बारीक वायरी दिसतात, ती चकती खराब झालेली असेलही. पण तुम्ही जी वेळ आणि जे वागणं सांगताय, त्यावरून मला वाटतं ती तिचं काम चोख करतेय. का, ते सविस्तर सांगतो, म्हणजे मिस्त्री समोर उभा असताना तुम्हालाही दोन प्रश्न विचारता येतील.

मी काम शिकलो उद्यमबागेत, फौंड्रीतल्या भट्ट्यांच्या बर्नरवर. पुढं हॉटेलं, मंगल कार्यालयं, बेकऱ्या, वसतिगृहं असं करत निपाणीपासून खानापूरपर्यंत तीसेक वर्षं गॅसच्या ज्योतीच बघत आलोय. या तीस वर्षांत पायलट विझते म्हणून सगळ्यात जास्त वेळा बदललेली वस्तू थर्मोकपल, आणि विनाकारण बदललेली वस्तूही तीच.

हे थर्मोकपल करतं काय? पायलटच्या ज्योतीत बोटासारखा एक धातूचा दांडा असतो. दोन वेगवेगळे धातू टोकाशी जोडलेले. ते टोक तापलं की त्यातून वीज तयार होते. किती? २० ते ३० मिलिव्होल्ट. पेन्सिल सेलच्या फार तर पन्नासाव्या हिश्शाएवढी. एवढ्याशा विजेवर गॅस व्हॉल्व्हमधलं एक छोटं चुंबक झडप उघडी धरून ठेवतं. म्हणून तर नॉब दाबून वीस-तीस सेकंद थांबावं लागतं : तोवर झडप तुमच्या अंगठ्यानं उघडी असते, टोक तापल्यावर चुंबक ती धरतं. ज्योत विझली की टोक गार होतं, वीज संपते, चुंबक झडप सोडतं आणि गॅस बंद होतो. झडप पडताना आवाज येतो, ‘टक्’. हा आवाज लक्षात ठेवा, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

पायलट विझते असं कुणीही सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो : आधी टक् झालं की आधी ज्योत गेली? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. गेल्यावर कळतं. म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो. उद्या पावणेसातला कुणाला तरी बॉयलरसमोर स्टूल टाकून बसवा. दार उघडं ठेवून बसवा, हे महत्त्वाचं आहे. समोरच्या काचेतून पायलट बघत राहायचं आणि कान व्हॉल्व्हकडे ठेवायचे. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर उत्तम. डोकं जड वाटलं, मळमळलं, डोळे चुरचुरले तर तिथून उठून मोकळ्या हवेत यायचं, ज्योतीचं काय व्हायचं ते होवो.

आता दोन प्रकार दिसतील. एक, ज्योत फडफडली, बारीक झाली, निळी होती ती सुटून वर उडायला लागली किंवा पिवळी पडली आणि मेली. मग पंधरा-वीस, कधी चाळीस सेकंदांनी टक् झालं. याचा अर्थ थर्मोकपल, चुंबक, वायरी सगळं ठीक. ज्योतीला गॅस कमी पडला किंवा हवेनं मारलं. दुसरा, ज्योत अगदी ताठ, निळी, छान होती आणि अचानक टक् झालं, त्याच क्षणी ज्योत गेली. इथं ज्योतीचा दोष नाही. चुंबकाकडे जाणारी वीज तुटली. थर्मोकपल, त्याची जोडणी, किंवा त्या वायरीत मध्ये बसवलेला एखादा सुरक्षेचा स्विच, यातलं काहीतरी आहे.

पहिल्या प्रकाराबद्दल आधी सांगतो, कारण आपल्या भागात तो जास्त आढळतो आणि त्याची कारणं मिस्त्रीही नीट बघत नाहीत.

पायलटच्या जेटचं, म्हणजे गॅस जिथून बाहेर पडतो त्या पितळी तोटीचं, भोक सुईच्या टोकाएवढं असतं, पाव मिलिमीटरच्या आसपास. रबरी पाइप जुना झाला की त्यातून तेलकट चिकटा सुटतो, गॅसबरोबर थोडा चिकटा येतोही, आणि तो पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणात साचतो. तिथून पुढं तो पायलटच्या नळीत जातो. भोक पूर्ण बंद होत नाही, अर्धं होतं. ज्योत लागते, पण थर्मोकपलच्या टोकाला जेमतेम चाटते. वाऱ्याची झुळूक आली की गेली. जेट काढून साफ करायचं ते हवेच्या दाबानं आणि सॉल्व्हंटनं. सुई घालून नव्हे. पितळ मऊ असतं, सुईनं भोक मोठं होतं आणि मग ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते. अशी सुईनं बिघडवलेली जेटं मी डबाभर काढली असतील.

दुसरं कारण कुंभारीण. ती मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी तुम्ही खिडकीच्या कोपऱ्यात पाहिली असेल. तिला बर्नरच्या हवा घेणाऱ्या नळीचं तोंड फार आवडतं. एप्रिल-मेच्या सुट्टीत वसतिगृह बंद, बॉयलर बंद, आणि जूनमध्ये पेटवायला जावं तर नळीत मातीचं पक्कं घर. बारीक कोळी तर पायलटच्या नळीतही जाळं करतो, ते बाहेरून दिसतच नाही. तुमची तक्रार जूनपासून आहे, म्हणून हे एकदा उघडून बघायलाच हवं. रेग्युलेटरच्या पोटाला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असतं, कुंभारीण तेही लिंपते, आणि मग गॅसचा दाब वरखाली व्हायला लागतो.

तिसरं, सिलिंडरच. तुमच्या मापाचा बर्नर तासाला दोनेक किलो गॅस खातो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो स्वतःच्या अंगातून, सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. एका १९ किलोच्या सिलिंडरवर एवढा बर्नर सलग तासभर चालवला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दवाचे थेंब धरतात. आत दाब उतरतो. डिसेंबर-जानेवारीत, बेळगावात पहाटे जेव्हा बोटं वाकत नाहीत, तेव्हा हे हमखास होतं. पावसाळ्यात कमी, पण अर्ध्याहून रिकामा सिलिंडर असला तर होतं. ओळखायची खूण सोपी आहे : मुख्य बर्नर भडकला त्या क्षणी पायलटनं मान टाकली का? टाकली असेल तर पुरवठा अपुरा आहे. उपाय म्हणजे दोन सिलिंडर एकाच वेळी चालतील अशी जोडणी आणि त्या क्षमतेचा रेग्युलेटर. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, तो आडवा पाडणं, हलवणं हे उपाय नव्हेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये येतो आणि मग बर्नरवर काय होईल ते मला तुम्हाला वर्णन करून सांगावंसं वाटत नाही.

मिस्त्रीला दाब मोजायला सांगा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरलं की झालं. कमी दाबावर चालणाऱ्या एलपीजीच्या उपकरणाला सर्वसाधारणपणे ३०० मिलिमीटर पाण्याइतका दाब लागतो. तुमच्या बॉयलरचा आकडा त्याच्या पाटीवर असेल, तोच धरायचा. नुसती पायलट चालू असताना किती आणि मुख्य बर्नर चालू झाल्यावर किती, हे दोन आकडे वहीत लिहून घ्या. मुख्य बर्नरवर फार घसरला तर रोग व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे आणि थर्मोकपल बदलून काहीही होणार नाही.

चौथा वारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि गच्चीवर तो किती जोरात येतो हे वाळत घातलेल्या चादरींना विचारा. धुराड्याचं तोंड पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढलेलं असेल किंवा वर टोपी नसेल, तर वारा धुराड्यातून उलटा खाली घुसतो आणि पायलटला फुंकर मारतो. अशी पायलट दिवसातून कधीही विझते, पहाटे तीनलाही. तुमची ठरावीक वेळेला विझते, म्हणून निव्वळ वाऱ्यावर मी ठपका ठेवणार नाही.

आता दुसरा प्रकार : ज्योत ताठ, आणि टक्.

इथं थर्मोकपलची पाळी येते, पण तेही बदलण्याआधी मोजायचं असतं. व्हॉल्व्हकडचं त्याचं टोक सोडवायचं, नॉब दाबून पायलट पेटती ठेवायची आणि मल्टिमीटरची एक पिन त्या टोकाला, एक तांब्याच्या नळीला लावायची. मिनिटभरात काटा २५-३० मिलिव्होल्टपर्यंत चढला तर ते ठणठणीत आहे. १५-१६ वर अडकला तर आधी ज्योत बघा : दांड्याचं वरचं सेंटिमीटरभर टोक ज्योतीत बुडालेलं हवं. टोक ज्योतीच्या वर राहिलं असेल तर तापत नाही; फार खोल गेलं तर मधलाच भाग भाजतो आणि नवं थर्मोकपलही लवकर जळतं. तुमची दोन थर्मोकपलं आठ-दहा दिवसांत गेली असतील तर जागा चुकलीय असं म्हणता आलं असतं. पण ती खरोखर गेली होती का, हे कुणी मोजलंय? जुनी दोन्ही तुमच्याकडे असतील तर टाकू नका. मला वाटतं त्यातलं निदान एक तरी चांगलं निघेल.

टोकाची आटी हातानं घट्ट करून पान्यानं पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं की आतला इन्सुलेशनचा वॉशर चेंगरतो आणि वीज तिथंच जमिनीत जाते. आणि तिथं ऑइल, ग्रीस, टेफ्लॉनची टेप काही लावायचं नसतं. तीस मिलिव्होल्टला कागदाएवढा मळही भिंतीसारखा असतो.

याच वाटेवर, थर्मोकपल आणि चुंबक यांच्यामध्ये, दोन स्विच बसवलेले असतात. एक पाणी बेसुमार तापलं तर तोडणारा. दुसरा तुमची ती चकती. तिचं काम समजून घ्या, कारण सगळा प्रश्न तिच्यापाशी येऊन थांबतो.

बर्नरचा धूर, म्हणजे गरम वायू, धुराड्यातून वर जायला हवा. जिथं बॉयलर संपून धुराडं सुरू होतं, तिथं एक उघडी टोपी असते. धूर नीट वर ओढला जात असेल तर त्या टोपीच्या कडेला खोलीतली गार हवा आत जात राहते आणि चकती गार राहते. धुराडं ओढेनासं झालं की गरम धूर टोपीच्या कडेनं खोलीत उलटतो, चकती तापते आणि वायर तोडते. टक्. पायलट बंद, बर्नर बंद. खोलीत धूर भरायचा थांबतो. पंधरा-वीस मिनिटांनी चकती गार होते, पुन्हा जोडली जाते, तुम्ही पायलट पेटवता आणि ती लागते. काही चकत्यांना बटण दाबून पुन्हा चालू करावं लागतं, तुमची आपोआप होणारी दिसते.

तुमचं पत्र पुन्हा वाचा. पंधरा-वीस मिनिटं थांबून पेटवली की लागते. हेच वाक्य वाचून मी थांबलो. जळालेलं थर्मोकपल पंधरा मिनिटांत बरं होत नाही.

आणि सात-सव्वासातच का? पहाटे साडेपाचला बर्नर लागतो तेव्हा खोलीत ताजी हवा असते. गर्दी वाढते तसा बर्नर न थांबता जळत राहतो. एक किलो गॅस जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. तुमचा बर्नर तासाला दोन किलो जाळतो म्हणजे २५ घनमीटर. दहा बाय दहाची, आठ फूट उंच खोली म्हणजे एकूण २२-२३ घनमीटर. थोडक्यात, बर्नर तासाभरात खोलीभर हवा खातो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. फोटोत पश्चिमेच्या जाळीवर निळी ताडपत्री दोरीनं बांधलेली दिसते. पावसाची झड आत येते म्हणून बांधली असेल, साहजिक आहे. पण ती कधी बांधली? जूनमध्येच ना? आणि थर्मोकपल बदलायला मिस्त्री आला तेव्हा उजेडासाठी त्यानं ती सोडली होती का, आणि आठ-दहा दिवसांनी मोठा पाऊस आला तेव्हा कुणी पुन्हा बांधली का? हे वॉचमनला किंवा वरच्या कामाला असणाऱ्या बाईंना विचारा. मी पैज लावत नाही, पण माझा अंदाज पक्का आहे.

यात अजून एक भर पडते. खालच्या न्हाणीघरांतले एक्झॉस्ट पंखे. ते इमारतीतली हवा बाहेर फेकतात, तेवढी हवा जिन्यावरून, बॉयलरच्या खोलीच्या दारातून खेचली जाते. हवा जायला दुसरी वाट नसली तर धुराड्यातून उलटी खाली येते. माझा गोकाकचा एक मदतनीस होता. खोलीत शिरल्या शिरल्या नाक वर करून म्हणायचा, “गाळी इल्ला, अण्णा.” हवाच नाही. अवजारांची पिशवी उघडण्याआधी त्याचं निदान झालेलं असायचं आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं.

याची परीक्षा अगरबत्तीनं होते. त्याआधी सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून गळती नाही ना, हे बघून घ्यायचं; गळतीची शंका असेल तर काडीसुद्धा ओढायची नाही. गळती नाही याची खात्री झाली की खोली रोज असते तशी ठेवा : ताडपत्री बांधलेली, दार बंद, खालचे सगळे पंखे चालू. मुख्य बर्नर दहा मिनिटं चालू द्या. मग मिस्त्रीनं आत जाऊन पेटती अगरबत्ती त्या टोपीच्या कडेजवळ धरायची. धूर आत ओढला गेला तर धुराडं काम करतंय. धूर बाहेर, तोंडावर आला तर धुराडं उलटतंय. मग ताडपत्री सोडा, दार उघडा, पाच मिनिटांनी पुन्हा धरा. तेवढ्यानं फरक पडला तर रोग सापडला. नाही पडला तर धुराडं स्वतःच तुंबलंय किंवा अपुरं आहे : कबुतराचं घरटं, गंजून पडलेला पत्रा, जास्त वळणं, कठड्यापेक्षा कमी उंची. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन धुराड्यात जातं. साध्या पत्र्याच्या गार धुराड्यात ती वाफ पुन्हा पाणी होते, पत्रा आतून गंजतो आणि त्याचे पापुद्रे वळणात साचतात. काही वेळा तेच पाणी टपटप पायलटवरही पडतं.

आता त्या वायरी जोडल्या तर काय होईल? पायलट विझणार नाही, मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरेल. धूर मात्र खोलीत उलटतच राहील. तीच वापरलेली हवा बर्नर पुन्हा ओढेल, ज्योत पिवळी होईल, आणि अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होईल. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतं, त्यामुळं श्वास चालू असतो आणि माणूस आतून गुदमरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं पित्त झालं. मग उठून दार उघडण्याची ताकदच राहत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. खानापूरकडच्या एका घरात पावसाळ्यात मला गिझर दुरुस्तीला बोलावलं होतं. न्हाणीची खिडकी थंडी लागते म्हणून पुठ्ठा ठोकून बंद केलेली, गिझर आतच. आदल्या दिवशी त्या घरचा पोरगा आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. आजोबांना पाण्याचा आवाज सतत येत होता, पण बादली सरकल्याचा येत नव्हता. एवढ्यावरून त्यांनी कवाड खांद्यानं फोडलं. पोरगा वाचला. घरच्यांनी मला विचारलं, गिझरमध्ये काय बिघाड आहे? गिझर खोलून बघितला. त्यात काहीही बिघाड नव्हता. मी पुठ्ठा काढला, गिझर बाहेर पडवीत बसवला आणि त्या दिवसापासून न्हाणीत आत गिझर बसवायला कुणी सांगितलं तर काम सोडून देतो.

वासाचं म्हणाल तर सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, न जळलेल्या गॅसची गळती कळावी म्हणून. गॅस जळला की तो वास जातो. म्हणून ‘वास येत नाही म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब धुराला लागू पडत नाही. बाजारात दोन वेगळे अलार्म मिळतात, एक गॅसगळतीचा आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा. तुमच्याकडे दोन्ही हवेत. गळतीचा बॉयलरच्या खोलीत जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. मोनॉक्साइडचा एक तिथंच डोक्याच्या उंचीवर, आणि एक खालच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत.

खोलीत हवेची वाट कशी करायची, तेही सांगतो. एवढ्या बर्नरला मी फूट बाय फुटाचे दोन लुव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे झरोके, सांगतो, एक जमिनीलगत, एक छताखाली. पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, म्हणजे झड आत येत नाही. शक्यतो पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला. खालचा लुव्हर जिन्याच्या दिशेला उघडणारा नको. उद्या गळती झालीच तर जड गॅस पायऱ्या उतरून खाली मुलींच्या खोल्यांकडे जाईल. तो गच्चीच्या मोकळ्या बाजूला काढा. आणि बॉयलरच्या खोलीत कपडे वाळत घालणं, रिकामे ड्रम, गाद्या ठेवणं बंद करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात लुव्हरसमोर काहीतरी येऊन बसेलच.

अलीकडे शहरात पाइपचा गॅस येतोय, त्याबद्दल एक सूचना. एलपीजीचा बॉयलर तसाच उचलून पाइपच्या गॅसला जोडता येत नाही. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी, आणि दाबही वेगळा. जुन्याच जेटवर पायलट काजव्याएवढी होते आणि विझत राहते. जेट आणि दाबाची जुळणी बदलून घ्यावी लागते, आणि ती ज्यानं त्यानं करायची नसते.

घरातल्या साध्या गॅस गिझरबद्दलही अनेकजण हेच विचारतात, म्हणून दोन ओळी. त्यात कायम पेटती पायलट नसते, सेलवर ठिणगी पडते. तो मध्येच विझत असेल तर आधी दोन्ही मोठे सेल नवे घाला, मग पाण्याची आत येणारी जाळी साफ करा. टाकीत पाणी कमी असलं की दाब पुरत नाही आणि तो बंद होतो. पुष्कळ गिझर वीस मिनिटांनी आपणहून बंद होतात, तो बिघाड नव्हे. बाकी हवेचं जे वर सांगितलं ते त्यालाही जसंच्या तसं लागू.

पायलट पुन्हा पेटवताना : नॉब बंद करून पाच मिनिटं तरी थांबायचं, दार उघडं, आणि खाली जमिनीजवळ वास घेऊन बघायचं. वास आला तर काडी नाही, बटण नाही, पंखाही नाही; सिलिंडरचा नॉब बंद करून बाहेर यायचं आणि १९०६ या गॅसच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करायचा. लागोपाठ तीनदा विझली तर चौथ्यांदा पेटवायचीच नाही.

तर ताई, आजच ताडपत्री सोडा. दोन दिवस खोलीत झड आली तर येऊ द्या, फक्त बर्नरच्या आणि व्हॉल्व्हच्या अंगावर पाणी येणार नाही एवढं आडोशाला पत्रा लावा. चकती बदलायची असेल तर त्याच तापमानाची, कंपनीच्याच जातीची घालून घ्या. तिच्यावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो. धुराडं वरून खालपर्यंत उघडून साफ करून घ्या. लुव्हर बसेपर्यंत सकाळच्या आंघोळी दोन पाळ्यांत करायला मुलींना सांगा, पावणेसहा आणि साडेसात, मध्ये बर्नर अर्धा तास बंद. आणि सकाळचा तो व्हिडिओ मला पाठवा. ज्योत दिसली नाही तरी चालेल, टक् ऐकू आलं पाहिजे.